देवाच्या खोलीतलं पेट्रोल

पेट्रोलची गोष्ट म्हटली का तुमी आधीच दोन पावलं मागं सरकले असान. डोळ्यासमोर भडका आला असंन, छप्पर उडालं असंन, अन् अर्धा जळालेला सदरा घालून मी धुरातून खोकलत बाहेर येऊन राह्यलो असंन. थांबा जरा. एवढी घाई नको. या गोष्टीत आधी कणीक मळली जाते, मंग घट बसतो, मंग एका खदानीतल्या माणसाची अक्कल कामी येते, म्हंजे येत नाई. भडक्याचं नंतर पाहू. मी नकल्या माणूस हाय. पडदा कवा उघडायचा ते मले समजते.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते. आमी आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरले हायवेच्या कडंले राहत होतो. समोर बाबाचं किराणा दुकान, मागं घर, घरामागं अंगण, अन् अंगणामागं वांग्या-टमाट्याचे चार वाफे. मी एकोणीसचा. इंटर दोनदा नापास. पेपर तेलुगूत, डोकं मराठीत, अन् त्या दोघायची ओळख कोणी करून दिलीच नाई. पण नकला विचारा! तहसीलचा महसूल तपासणारा गिरदावर 'दरख्वास्त दाखिल करो मियाँ' म्हणताना पान कोणत्या गालात ठेवतो, आदिलाबाद गाडीचा कंडक्टर 'लोपलिकि जरगंडी', आत सरका, म्हणत पोत्यासारखे माणसं कसे ठासतो, सगळं मले येत होतं. सापाचा फुत्कार काढला का गल्लीतली म्हातारी माणसं खाटेवर चढत.

सगळ्यात पक्की नक्कल बाबाची. आधी दोन खोकले, दुसरा अर्धा गिळलेला, अन् मंग 'अवं!' बाबानं 'अवं' म्हटलं का माय हातातलं काम हातातच ठेवून उभी राहायची. पंचवीस वर्षांची सवय. एकदा मी दुकानामागून त्या आवाजात पाच कप चहा सांगितला, दोस्तायसाठी. मायनं केला. चहाचं ताट घेऊन ती दारात आली, अन् समोरून बाबा सायकलवर बाजारातून येऊन राह्यले होते. त्या दिवशी बाबानं मले देवासमोर उभं केलं अन् शपथ घ्याले लावली, का त्यायच्या आवाजात पुन्हा एक शब्द काढणार नाई. मी घेतली.

त्या साली पावसाळा सरता सरता पेट्रोल गायब झालं. रेडिओवर कुठल्या तरी दूरच्या मुलखातली भांडणं सांगत, अन् इकडं पंपावरचं पोरगं लांबूनच हात हालवत 'लेदू, लेदू' म्हणे, म्हंजे नाई, नाई. आमाले काय त्याचं? आमच्याकडं सायकल होती. पण ताई बाळंतपणाले माहेरी आली होती. पहिलटकरीण, नववा महिना. डॉक्टरीणबाईनं तपासून सांगितलं होतं का बाळ आडवं हाय. कळा सुरू झाल्या का घरी सुईणीची वाट पाहत बसू नका, तासाभरात आदिलाबादले आणा. नाई त दोघायपैकी कोण राहीन ते मी सांगू शकत नाई. असं तोंडावर सांगितलं तिनं. ताई तवापासून रस्त्यावरून गाडी गेली का मान वर करून पाहायची.

बसचा काय भरवसा? गावात भाड्याची जीप एकच होती, पलीकडच्या गल्लीतल्या चाचाची. चाचा म्हणे, "भय्या, गाडी कबी बी लेके जाओ. बेटी तुमारी, वो मेरी. मगर पेट्रोल तुमीच लाके रखना. मेरी टंकी में तो अब चूहे खेल रहे."

म्हून बाबा पेट्रोल आणाले निघाले. दुकानातला शेंगतेलाचा दहा लिटरचा पांढरा प्लास्टिकचा डबा घेतला, सोड्यानं धुतला, वाळवला. पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून रिकामे परत आले. दुसऱ्या दिवशी पहाटंच्या गाडीनं गेले अन् दुपारी डबा भरून आले. भरून म्हंजे कसा, तर बुचापर्यंत. पंपावरचं पोरगं जरा खाली थांबलं तर बाबानं त्याले सुनावलं, "और डालो. जगह है." आयुष्यभर गिऱ्हाइकाले माप काठोकाठ दिलं होतं बाबानं. अर्ध बोट रिकामं भांडं दिसलं तरी त्यायले कोणी फसवल्यासारखं वाटे.

आता ठेवायचं कुठं? घरात अशी बैठक ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बसली.

"दुकानात ठेवा," मी म्हटलं.

"तिथं दिवसाला पन्नास माणसं बिड्या पेटवतेत," बाबा म्हणाले.

"सयपाकघरात?" मीच.

मायनं नुसतं पायलं माह्याकडं. चुलीकडं बोट दाखवाचीबी तिले गरज वाटली नाई.

"अंगणात ठेवू या ना," माय म्हणाली. "लिंबाखाली."

"हायवेवरून येणारा जाणारा पाहते. या दिवसात पेट्रोल म्हंजे सोनं. सकाळी डबा राहीन का तिथं?"

मंग बाबानं घरभर नजर फिरवली. शेवटी मांडीवर हात मारला. "देवाच्या खोलीत. तिथं कोणी बिडी वढत नाई, चप्पल घालून जात नाई, अन् चोराचाबी हात अडखळते."

"अन् दिवा?" माय म्हणाली.

"दिवा वर कोनाड्यात हाय. डबा खाली कोपऱ्यात, दाराजवळ. मधात चार हात जागा हाय."

झालं ठरलं. मायनं लोणच्याच्या बरणीले लावते तशी बुचाभोवती कणीक लावली, घट्ट, बोटायचे ठसे उठवून. वरून ओलं पोतं. बाबानं मले बजावलं, "डब्याले हात लावायचा नाई. तुह्या बहिणीचा जीव हाय त्याच्यात." मी गिरदावराच्या आवाजात 'हुक्म की तामील होगी' म्हटलं. कोणी हासलं नाई.

मंग नवरात्र आलं. घट बसवाले आमची आत्या बेल्लमपल्लीहून आली, संगं तिचा नवरा, आमचे आतोबा. आत्या बाबापेक्षा मोठी, घरातल्या देवीचं सगळं लहानपणापासून तिच्याच हातातलं. नऊ दिवस उपास, नऊ दिवस दिवा, अन् त्या दिव्याची वात विझू नाई म्हून ती रात्री दोनदा उठून तेल घाले. आतोबा कोळशाच्या खदानीत तीस वर्षं खाली उतरले होते. बोलले का आमी ऐकत होतो. जो माणूस जमिनीच्या पोटात जाऊन रोज परत येते, त्याच्याशी वाद कोण घालते?

घट जमिनीवर, त दिवाबी घटापाशी जमिनीवर पाहिजे, आत्या म्हणाली. मायचा चेहरा उतरला. तिनं पोतं उचलून डबा दाखवला. "वन्सं, हे हाय इथं. दिवा वरच राहू द्या ना यंदा."

"देवी खाली अन् दिवा वर? असं कुठं पायलं तू?"

तवा आतोबा पुढं झाले. गळा खाकरला. "हे पाहा," म्हणे, "गॅसचं मले सांगू नका. गॅस नेहमी वर जाते, छताले चिकटून राहते. खदानीत आमी दिवा वर करून पाहतो, वरच सापडते तो. खाली काही नसते. दिवा वर कोनाड्यात ठेवला होता तेच उलट धोक्याचं होतं. आता खाली आला, बरं झालं. बिनघोर राहा."

आमी बिनघोर राह्यलो. बाबानंबी मान हालवली. दिवा खाली आला.

आता मधातली एक गोष्ट सांगतो, ती तवा कोणाले माईत नव्हती. घट बसल्यावर दोन दिवसांनी इंद्रवेल्लीच्या वाटंवरच्या एका गावात देवीच्या मांडवात कार्यक्रम होता. माह्या दोस्तानं तिथं सांगून ठेवलं होतं का आमच्याकडं मिमिक्रीवाला हाय. माह्या जिंदगीतला पहिला माइक! दोस्ताची लुना होती, टाकी कोरडी. मी दुपारी सगळे लवंडल्यावर देवाच्या खोलीत गेलो. कणीक खरवडली, बूच फिरवलं, बारीक नळी घातली अन् दोन बाटल्या काढून घेतल्या. मंग बूच लावलं. घाईत आटे वाकडे बसले असतील, मी पायलं नाई. सयपाकघरातून सकाळच्या कणकीचा उरलेला गोळा आणला अन् वरून लेपला. मायच्या बोटासारखे ठसे उठवाले मी चार बोटं दाबली. नकल्या ना मी, ठसेबी हुबेहूब आले. पोतं टाकलं. देवीकडं पाहून हात जोडले, अन् पळालो. मांडवात टाळ्या लय पडल्या. ते सांगून काही फायदा नाई आता.

सातव्या माळेचा दिवस. सकाळच्या गाडीनं बाबा दुकानाचा माल आणाले आदिलाबादले गेले होते. त्या दिवशी ऊन असं होतं का पत्रे कडकड वाजून राह्यले होते. देवाची खोली आठ बाय आठ, वर पत्रा. दारातून आत पाय टाकला का डाव्या हाताले डबा. समोरच्या भिंतीशी घट, झेंडूच्या माळा, जमिनीवर पितळी दिवा, त्याच्यावर कंदिलाची काच. दिव्याच्या वर अंगणात उघडणारी लहान गजाची खिडकी.

साडेदहाच्या सुमाराले आरतीसाठी सगळे जमले. ताईले उभं राहवत नव्हतं, म्हून ती पाटावर बसली होती, भिंतीले पाठ टेकून. डब्याच्या अगदी बाजूले. माय कापराची वडी ताटात ठेवून काडेपेटी शोधून राह्यली होती. आत्या घटाजवळ. आतोबा सगळ्यायच्या पुढं.

आतोबा साष्टांग घालत ते पाहण्यासारखं होतं. झाड तुटून पडावं तसे धाडकन पडत, मंग कपाळ जमिनीवर घासत 'माते, माते, माते' करत. त्या दिवशी ते पडले, अन् त्यायच्या मागं मीबी पडलो, तसाच, तस्साच, ताईले हसवाले. कपाळ घासलं. 'माते, माते.'

"नको ना रे," ताई पोटावर हात ठेवून म्हणाली. "हसलं का दुखते मले."

माह्या नाकाचा शेंडा जमिनीले लागला होता. माय सकाळीच सारवून गेली होती, त शेणाचा वास याले पाहिजे होता.

शेणाचा आलाच नाई.

मी मान उचलली. वर झेंडू, तेल, ओल्या मातीतले उगवलेले जव-गहू. मान खाली नेली. पेट्रोल. पुन्हा वर केली, झेंडू. पुन्हा खाली. पाण्याखाली डोकं घालावं अन् वर काढावं, तसं. डोळ्यायले चुरचुर झालं. मी तसाच पडल्या पडल्या डाव्या हाताकडं पायलं. पोत्याची खालची कड काळी ओली होती. पोतं वर उचललं गेलं होतं, खालून कोणी फुगा भरावा तसं. डब्याचं पोट बाहेर आलं होतं, अन् बुचाशी माहीच चार बोटं, वाळून फाटलेली, कणकीची खपली होऊन लोंबून राह्यली होती.

तिथून दिवा चार हात. जमिनीवर.

अन् मायले काडेपेटी सापडली.

"थांब!" मी वरडलो. "माय, काडी नको वढू! खाली पेट्रोल हाय. सगळ्या जमिनीवर हाय!"

आत्या मागं वळलीसुदा नाई. "झाला याचा तमाशा सुरू. परवा साप, आज पेट्रोल."

परवा खरंच मी याच खोलीत सापाचा फुत्कार काढला होता. आत्या अंगणापर्यंत पळाली होती.

"खरंच सांगून राह्यलो! नाक लावून पाहा!"

"आरतीच्या टायमाले नाटक केलं त पाप लागते," आतोबा गुडघ्यावर बसत म्हणाले. "अन् मले काऊन नाई येत वास?" त्यायनं मान वर करून छताकडं दोन-तीनदा हुंगलं. "काही नाई."

मायनं पेटी उघडली. काडी काढली. मी अजून पालथाच होतो. उठून तिच्यापर्यंत पोचाले ताईचे पाय मधात होते. माह्या तोंडाकडं पाहून माय हासली, लेकरू खेळते म्हून हासतेत तसं, अन् काडी पेटीच्या कडंले टेकवली.

दोन खोकले. दुसरा अर्धा गिळलेला.

"अवं! हात थांबव!"

ती थांबली. काडी पेटीले टेकलेली, कोपर हवेत, जशीच्या तशी. आत्या दचकून दाराकडं वळली. आतोबा उठून उभे राह्यले. ताईनं पदर सारखा केला. सगळे दाराकडं पाहून राह्यले, का बाबा आदिलाबादले गेले अन् आले कवा. तेवढ्यात मी सरपटत गेलो अन् मायच्या बोटातली काडी काढून घेतली, मंग पेटी. पेटी कमरंत खोसली. आतल्या काड्या जराशा वाजल्या, त तो आवाजबी मले सहन झाला नाई.

मायले समजलं. तिनं हात उगारला होता, पण मी म्हटलं, "मार, पण आधी वाक. एकदा वाक खाली."

ती वाकली. वर आली तवा तिच्या तोंडावर रक्त नव्हतं. तिनं ताईकडं पायलं फक्त.

आतोबाले मी हात धरून खाली ओढलं. गुडघे टेकले, मंग कोपर, मंग नाक.  "हे खाली काऊन हाय?" ते स्वतःलेच विचारून राह्यले होते. "खदानीत त छताले राहते. हे खाली काऊन हाय?" पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलेच बसते, हे तवा आमच्यापैकी कोणालेच माईत नव्हतं. मंग ते उठले, अन् एकदम दुसराच माणूस झाले. आवाज बारीक, सपाट. "कोणी पळू नका. पाय घासू नका. भांडं पाडू नका. आधी पोरगी."

पाट ओढायचा नाई, ते म्हणाले. त्यायनं ताईच्या काखेत हात घातला, मायनं दुसऱ्या बाजूनं. मी तिच्या लुगड्याचा घोळ दोन्ही हातानं उचलून धरला, ओल्या पोत्यावरून फिरू नाई म्हून. तीन पावलांचं दार. ताई डब्याकडं पाहत पाहत चालली. दाराच्या उंबऱ्यात तिनं माह्या खांद्याले असं दाबून धरलं का नखं रुतली. "दिवा," म्हणाली, "आत्या दिव्याजवळ हाय."

माय तिले अंगण ओलांडून पार वाफ्यायपर्यंत घेऊन गेली.

खोलीत आत्या दिव्यासमोर मांडी घालून बसली होती. "दिवा विझवाचा नाई."

"अवो, घर जाईन," आतोबा म्हणाले.

"पोरीचे दिवस भरले. देवीचा दिवा फुंकू? तिचं काही बरंवाईट झालं त कोणाले तोंड दाखवू मी? अन् दिवा खाली ठेव, बिनघोर राहा, कोण म्हणालं होतं?"

 तीस वर्षं खदानीत उतरलेला माणूस, बायकोसमोर हात बांधून उभा. तिकडं दिव्याची ज्योत शांत होती.

"आत्या," मी म्हटलं, "विझवू नको. नुसता उचल. काच काढ, अन् सरळ वर उचल. बाजूले नाई, खाली नाई. खिडकीतून माह्याकडं दे. दिवा जितकाच्या तितका राहीन."

तिनं माह्याकडं पायलं, नकला करून राह्यला का ते पाहाले. मी नव्हतो करून राह्यलो. मी बाहेर पळालो, घराले वळसा घालून खिडकीशी. गजातून आतलं दिसत होतं. आत्यानं काच काढली. दोन्ही हातानं दिवा उचलला, पूजेचं ताट उचलावं तसा, अन् हळू हळू उभी राह्यली. तिचे ओठ हालून राह्यले होते. दिवा तिच्या पोटाशी आला, छातीशी आला. मी मोजून राह्यलो होतो, वीत, दोन वीत. गजाजवळ आला त आडवा बसेना. पितळी बूड रुंद होतं.

"तिरपा कर."

"तेल सांडते."

"सांडू दे. माह्या हातावर सांडू दे."

तिनं तिरपा केला. गरम तेल मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. मी हात काढला नाई. दिवा बाहेर आला अन् वाऱ्याची झुळूक आली. ज्योत आडवी झाली, निळी झाली, मुगाच्या दाण्याएवढी राह्यली. मी पाठ करून दिव्यावर वाकलो, श्वास रोखून. आत्या गजाले धरून उभी, तीबी श्वास न घेता. दाणा तसाच राह्यला. मंग पिवळा झाला. मंग उभा झाला.

तो मी अंगणाच्या पार त्या टोकाले, तुळशीच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. आत्या मागून आली अन् दिव्यासमोर मातीतच बसली. मनगटावरचा फोड मले तवा दिसला.

आतोबानं दार-खिडकी सताड उघडली. डबा दोघायनं उचलून लिंबाखाली नेला. ओलं पोतं दूरच्या वाफ्यात पसरलं. मी चाचाले बोलवाले धावलो. चाचा आला, फाटकाबाहेरच बिडी टाचंखाली विझवली, अन् जीपमधला रिकामा पत्र्याचा जेरीकॅन मागवला.

तेवढ्यात बाबा आले. खांद्यावर मालाची थैली. अंगणात आतोबा, चाचा, वाफ्यात ताई, तुळशीत दिवा. बाबा जागच्या जागी थांबले.

"तू आता आला?" आत्या म्हणाली. "मंग मघा वरडला कोण? 'हात थांबव' म्हणाला ना तू?"

बाबानं थैली खाली ठेवली. कोणी काही सांगायच्या आधी त्यायनं माह्याकडं पायलं. मायनं सगळं सांगितलं, ताईनं मधात मधात भर घातली. आवाजाचा भाग आला तवा माय थोडी थांबली, पण सांगितला. बाबा ऐकत राह्यले. नाकपुड्या फुलल्या, मंग बसल्या. हात वर गेला, माह्या डोक्यावर येऊन टेकला. तिथंच थोडा वेळ राह्यला. मले वाटलं, चला. सुटलो.

चाचा डब्याचं वाकडं बसलेलं बूच हळूहळू फिरवून राह्यला होता. फुस्स करून हवा निघाली. त्यानं आत डोकावून पायलं, बोटं लावून मापलं. "अरे वा! कौन अकलमंद है तुमारे घर में, जिसने चार उंगल खाली रखा? गले तक भरा रहता तो इस धूप में डब्बा कबका फट जाता. पेट्रोल को सांस लेने को जगह होना."

"मी!" म्हणालो मी. "मीच रिकामं केलं!"

तोंडातून निघून गेलं. टाळ्या ऐकाची सवय लागली होती ना.

 चाचानं बूच हातात धरून इकडं पायलं, तिकडं पायलं, अन् जेरीकॅनकडं वळला. बाबाचा हात माह्या डोक्यावरून उचलल्या गेला.

आठ दिवसांनी ती जीप निघाली, अन् त्याच पेट्रोलवर ताई आदिलाबादले पोचली, ती अन् तिची लेक, दोघी सुखरूप परत आल्या. पण ते आठ दिवसांनी. त्या दुपारचं अजून बाकी होतं.

बाबा वरडले नाईत. वरडले असते त बरं झालं असतं, तो आवाज मले पाठ होता.

"कवा काढलं?"

"घट बसल्यावर. दोन दिवसांनी."

"कशाले?"

मी सांगितलं. मांडव, लुना, माइक.

"कणीक तू लावली?"

"हाव."

"तुह्या मायच्या बोटासारखी?"

मी मान हालवली.

"म्हून तिले समजलं नाई. रोज सकाळी पाहत होती ती, कणीक फाटली त नाई म्हून. रोज." बाबा खाली बसले, डब्याजवळ, अन् त्या वाळलेल्या खपलीले बोट लावलं. "मले तुह्या अकलेचं काही सांगू नको. चार बोटं जागा ठेवाची असते हे मले माईत नव्हतं, ती माही चूक. आतोबानं दिवा खाली घ्याले लावला, ती त्यायची चूक. पण आमी दोघंबी चुकलो ते पोरीसाठी चुकलो. तू टाळ्यासाठी. अन् वरून चोरलं ते झाकून ठेवलं, मायच्या बोटानं. पहिल्या दिवशी रांगेतून रिकामा परत आलो होतो मी. चपलीचा अंगठा तुटला होता, ती हातात घेऊन. दुसऱ्या दिवशी पहाटं तीच चप्पल दोऱ्यानं बांधून गेलो. तू झोपला होता. नकला करतो ना सगळ्या गावाच्या? गिरदावराची, कंडक्टरची, माही? आता कर. रांगेतून रिकामा डबा घेऊन परत येणाऱ्या माणसाची कर. आमी सगळे हाओत इथं. कर ना. तोंड काऊन शिवलं? उभा राहा सरळ अन् कर!"